आत न जाणाऱ्या टोकावरचं कुंकू

आमच्या शेडमध्ये कारच्या ब्रेकची पेडलं बनतात आणि त्यांना नावं ठेवण्याचा मला पगार मिळतो. पेडल बरं असलं की मी त्याच्यावर पिवळा ठिपका देते, नसलं की लाल खोक्यात टाकते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण एकाच टेबलाला वीस वर्षं चिकटून बसलेली बाई म्हणून मी थोडी प्रसिद्ध आहे. नवरा म्हणतो, छावणीच्या आठवडी बाजारात ही वांगी विकत घेत नाही, वांगी नापास करत फिरते. खोटं नाही ते. हाताला तशी सवयच लागते.

पेडल ही दिसायला साधी वस्तू. लोखंडाचा वाकवलेला दांडा, खाली पाय ठेवायची पट्टी आणि वरच्या अंगाला एक गोल भोक. त्या भोकात एक छोटी नळी घट्ट बसते. तिला बुश म्हणतात आणि त्या बुशवर अख्खं पेडल झुलतं. बुश आम्ही बसवत नाही. तो गाडीच्या कारखान्यात मशीन हवेच्या दाबानं बसवते. आम्ही फक्त भोक नेमकं करून द्यायचं. भोक लहान झालं तर बुश जात नाही आणि तिकडचे लोक फोन करून ओरडतात. मोठं झालं तर बुश मुकाट्यानं जातो आणि कुणीच ओरडत नाही, म्हणून मोठं भोक जास्त वाईट. असा सैल बुश पुढं कधीतरी एका बाजूनं सरकायला लागतो, पेडल डुलायला लागतं, आणि ब्रेक ही काही डुलत्या गोष्टीवर टांगून ठेवायची वस्तू नाही.

हे भोक तपासायला माझ्याकडं पोलादाची एक दुतोंडी कांडी असते. तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक किंचित बारीक, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं किंचित जाड, ते जाता कामा नये. दोन्हींतला फरक डोक्याच्या केसाच्या निम्मा भरेल. आमच्या शेडमध्ये पहिल्या टोकाला जावई म्हणतात, कारण त्याला दारात अडवायचं नसतं. दुसऱ्याला विमेवाला म्हणतात, कारण तो एकदा घरात शिरला की संपलंच. जावई आत आणि विमेवाला बाहेर राहिला की पेडल पास.

या कांडीवर माझा फार जीव. हात पुसल्याशिवाय गेजला हात लावू नये, अशी पाटी मी स्वतः रंगवून टेबलावर लावलेली आहे. एकदा शेठनी तिच्या डबीवर चहाचा कप ठेवला, तर मी शेठनाही सोडलं नाही. शेठ म्हणजे शेडचे मालक. औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत एकच लेथ मशीन घेऊन सुरुवात केलेला माणूस. अजूनही बोलता बोलता स्वतःची नखं बघतो, ऑइल राहिलंय का म्हणून. त्यांनी निमूट कप उचलला आणि बाहीनं डबी पुसली. मी ती पुन्हा माझ्या फडक्यानं पुसली.

म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही जात माझी. आता पुढचं ऐका.

दोन-तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं मशिनींची पूजा असते. आदल्या दिवशी शेड पाण्यानं धुवून काढतात, झेंडूचं पोतं येतं, टेम्पोच्या चाकाखाली लिंबं जातात. ज्याची मशीन त्यानं सजवायची आणि दरवर्षी सगळ्यांत देखणी मशीन चाचांची असते. चाचा सिल्लोडचे, भोक करायच्या मशीनवर माझ्यापेक्षाही जुने. झेंडूची माळ ते स्वतः ओवतात, मशीनला स्वतः घालतात आणि कुंकवाची वेळ आली की दोन पावलं मागं सरकून म्हणतात, ताई, ते तुमचं काम. मी त्यांच्या मशीनला कुंकू लावते, मग पहिला पेढा त्यांना. हे कुणी कधी ठरवलं नाही, तसं चालत आलंय.

त्या वर्षी माझ्या मनात आलं, लोखंडाच्या एवढाल्या धुडांची पूजा होते आणि माझ्या कांडीला कुणी विचारत नाही. मग मी तिला ताम्हणात ठेवलं, हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि दोन्ही टोकांना अनामिकेनं चांगली ठसठशीत बोटं लावली. फूल वाहिलं, हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, यात अतिशयोक्ती नाही. इतक्या वर्षांत या कांडीनं मला एकदाही खोटं पडू दिलं नव्हतं.

दसऱ्याला सुट्टी. शेडमधले काही जण पांढरे कपडे घालून बायकापोरांसह बुद्धवंदनेला लेण्यांकडं गेले, बाकीचे आपट्याची पानं वाटत फिरले. चाचा पुतणीच्या लग्नाला सिल्लोडला गेले, ते सुट्टीनंतरही दोन दिवस तिकडंच राहणार होते. तेवढ्यापुरता त्यांच्या मशीनवर बदली माणूस होता.

सुट्टी संपली त्या सकाळी मी कांडी हातात घेतली. कुंकू वाळून खडखडीत झालं होतं. आमच्याकडं पूजेचं कुंकू पुसत नाहीत. मशीनवरचं असो की टेम्पोवरचं, ते आपलं आपण जाईल तेव्हा जाईल, मुद्दाम पुसणं बरं दिसत नाही. पण जावयाला तर दिवसभर भोकांत ये-जा करायची. त्याचं कुंकू राहणं शक्यच नव्हतं, म्हणून मनातल्या मनात माफी मागून ते टोक मी लख्ख पुसलं. विमेवाल्याचं मात्र ठेवलं. जो आत जातच नाही, त्याच्या कपाळावरचं कुंकू कुणाच्या आड येतंय? धर्मही सांभाळला आणि कामही सांभाळलं, म्हणून मी स्वतःवर खूश झाले.

वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या दोन दिवस आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. चाचांची एक जुनी खोड आहे. शर्टाच्या खिशात ते एक बुश बाळगतात आणि दिवसाच्या पहिल्या पेडलमध्ये तो अंगठ्यानं दाबून बघतात. नियमाप्रमाणं त्याला काही अर्थ नाही, कारण तपासायला मी आहे. अंगठ्यानं बुश जाता कामा नये, एवढंच त्यांचं गणित. त्या दिवशी त्यांनी मशीन सुरू करायच्या आधी शेजारच्या ढिगातलं, म्हणजे मी आदल्या संध्याकाळी पिवळा ठिपका दिलेलं, एक पेडल उचललं आणि ते घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“ताई, ह्ये बघा जरा. बुश आपला आपण जातोय.”

मी पास केलेल्या पेडलबद्दल कुणी असं बोललं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. मी त्यांना म्हटलं, लग्नात दोन दिवस जेवून अंगठ्यात लई जोर आलेला दिसतोय. ते हसले, पण हलले नाहीत. मग मी ताडकन कांडी उचलली, त्यांच्या डोळ्यांसमोर पेडलमध्ये घातली. जावई आत. विमेवाला बाहेर. घ्या, हातच्या काकणाला आरसा कशाला?

चाचांनी खिशातला बुश त्या भोकात सोडला आणि पेडल उलटं केलं. बुश टेबलावर पडला, घरंगळत माझ्या पाटीपर्यंत गेला आणि तिथं थांबला. मग चाचांनी कांडीकडं नीट पाहिलं, तिच्या लाल टोकाकडं. हात पुढं केला आणि मागं घेतला.

“ते तुम्हीच पुसा, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले.

मी पुसलं. फडक्यानं निघेना, नखानं खरवडावं लागलं. मग त्याच भोकात विमेवाल्याला धरलं आणि तो सरळ मुठीपर्यंत आत गेला. वाळलेल्या कुंकवाच्या थरानं त्याला जाड करून ठेवलं होतं. भोक आणखी मोठं असतं तरी तो दोन दिवस बाहेरच राहिला असता, आणि मी ठिपके देत राहिले असते. दिलेच होते.

चाचांनी मशीन उघडली. कटरच्या धारेला लोखंडाचा एक कण चिकटून बसला होता. तो दोन दिवस भोकं मोठी करत होता आणि बदली माणसाला ते कळायचं काही कारण नव्हतं. ते कळायला मी ठेवलेली होते. हा ढीग सोडला तर दोन दिवसांची सगळी पेडलं, माझे पिवळे ठिपके घेऊन, टेम्पोत बसून गाडीच्या कारखान्यात गेली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

चाचा म्हणाले, मशीन माझी हाय, कटरचं सांगू. कुंकवाचं काढू नका, लोकं हसतील तुम्हाला. आता खरं सांगते, ही सूचना मला क्षणभर फार आवडली. अठरा वर्षांत कमावलेली एकच गोष्ट माझ्याजवळ होती, माझा ठिपका म्हणजे ठिपका, आणि ती वाचत होती. पण कटर बिघडला तर कांडीनं धरायला हवं होतं, मग कांडीनं का नाही धरलं, हा प्रश्न शेंबडं पोरही विचारेल. मी चाचांना म्हटलं, चला.

शेठच्या केबिनमध्ये मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ज्या कारखान्याला पेडलं गेली होती, तोच कारखाना आम्हाला क्लचच्या पेडलांचंही काम देणार होता. पुढच्या आठवड्यात त्यांचे लोक शेड बघायला यायचे होते. नव्या मशीनच्या पायासाठी मागच्या अंगणात खड्डासुद्धा खोदून झाला होता. हे सगळं शेठच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना मला दिसलं.

आधी ते माझ्यावर चिडले, मग बदली माणसावर, मग कुंकवावर. नंतर म्हणाले, केसाच्या निम्म्या फरकानं काय गाडी पलटी व्हती का? शेठ स्वतः लेथवर उभे राहिलेले, त्यांना उत्तर माहीत होतं. ते थोडा वेळ नखं बघत बसले आणि मग त्यांनी स्वतःच कारखान्याला फोन लावला. दोन दिवसांत आलेलं आमचं एकही पेडल वापरू नका, भोकं मोठी आहेत, आम्ही निघालोय. त्या एका फोनसाठी मी शेठना बाकी पुष्कळ गोष्टी माफ केल्या आहेत.

गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी कारणाचा विषय काढला. पेडलं परत घेऊ, सगळी तपासून देऊ, पण कांडीवर काय होतं असं विचारलं तर धूळ म्हणायचं. कुंकू म्हटलं तर ते आपल्याला खेडवळ समजतील आणि क्लचचं काम गेलंच समजा. मी म्हटलं, खोटं कसं सांगायचं?

“खोटं कुठं हाय? कुंकू म्हंजी रंगीत धूळच की.”

मागच्या सीटवर चाचांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात घातलं. क्रांती चौकात सिग्नल लाल झाला, शेठनी ब्रेक दाबला आणि आम्ही दोघांनीही एकाच वेळी त्यांच्या पायाकडं पाहिलं. गाडी व्यवस्थित थांबली. शेठ म्हणाले, असं बघू नका, चालवता येत नाही.

कारखाना शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. तिथला क्वालिटीचा साहेब माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी पुस्तकी आणि सभ्य. इतकं सभ्य की त्यापेक्षा दोन शिव्या दिलेल्या परवडल्या. त्यानं आमची सगळी पेडलं गोदामात एका बाजूला लावून ठेवली होती. मी आणि चाचा तपासायला बसलो. चाचा एकेक पेडल पुसून हातात देत होते, मी कांडी घालत होते. विमेवाला आता कसा धडाधड आत जात होता. निम्म्याहून जास्त पेडलं मी माझ्याच ठिपक्यांवर फुली मारून नापास केली.

काम संपत आलं तेव्हा साहेब म्हणाला की दोन पेडलं मात्र गाड्यांना बसली आहेत. गाड्या तयार होऊन अंगणात उभ्या आहेत, फाटकाबाहेर गेलेल्या नाहीत, आता पेडलं काढून बदलतील. मी विचारलं, बघू का? त्याला नवल वाटलं, पण तो घेऊन गेला.

अठरा वर्षं मी ब्रेकची पेडलं तपासली आणि ज्या गाडीत ती जातात त्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदा बसले. पांढरी गाडी होती. सीटवर प्लास्टिक, आत नव्या रबराचा वास. मी चालकाच्या जागेवर बसले आणि पाय पेडलवर ठेवला. दाबलं, ठीक वाटलं. मग पाय थोडा आडवा हलवला आणि पायाखाली पेडलही आडवं हललं. अगदी केसाएवढं. टेबलावर बसून मी रोज केस, केस म्हणते, पण तो केस पायाखाली आला तेव्हा मोठा लागला. कुणीतरी ही गाडी घरी नेली असती. बायकोनं ओवाळली असती, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं असतं, पोरं मागं बसवून देवाला निघाले असते, आणि पाय असा इथं ठेवला असता. मला लाज वाटली. भीतीही वाटली, पण लाज आधी वाटली.

मी उतरले. चाचा दाराशी उभे होते. त्यांनी हळूच गाडीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर साहेबानं आम्हा तिघांना त्याच्या खोलीत बसवलं आणि एक फॉर्म काढला. अशा वेळी भरायचा तो फॉर्म. त्यात पाच वेळा ‘का’ विचारलेलं असतं आणि प्रत्येक उत्तराला पुन्हा का लावायचं, खरं कारण हाती लागेपर्यंत. आमच्या घरी हे काम सासूबाई फॉर्मशिवाय करत. भोकं मोठी का झाली? कटरला कण चिकटला. मग तपासणीत का सापडलं नाही? कांडीच्या जाड टोकावर थर होता. इथपर्यंत त्यानं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

मग तो पेन खाली ठेवून म्हणाला की त्याला एक गोष्ट सकाळपासून कळत नाही. आमची कांडी खराब होती हे मान्य. पण माल आला की त्यांच्याकडंही त्यातली काही पेडलं तपासतात, अगदी अशाच कांडीनं. त्यांच्या माणसानंही ती पास केली होती. त्यांची कांडी तर चांगली आहे, गेल्याच महिन्यात प्रयोगशाळेतून तपासून आली. फॉर्ममधला तेवढा एक रकाना त्यानं कोरा सोडला होता. पुन्हा पेन उचलून त्यानं मला विचारलं, थर कसला होता?

“धूळ, साहेब,” शेठ माझ्याआधी म्हणाले. “वाळूजला धूळ लई.”

साहेबानं मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. त्यानं ‘धू’ लिहिलं. माझा पाय अजून त्या पेडलवर असल्यासारखा वाटत होता.

“धूळ नाही साहेब,” मी म्हटलं. “कुंकू.”

शेठ छताकडं बघायला लागले. चाचा स्वतःच्या बुटांकडं. मी मात्र आता सुरूच झाले होते, थांबणार कशी? खंडेनवमी सांगितली, ताम्हण सांगितलं, एक टोक पुसलं आणि दुसरं का पुसलं नाही तेही सांगितलं. जावई आणि विमेवालासुद्धा तोंडातून निसटले. वाटलं, आता हा हसेल आणि संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना हसेल.

साहेब हसला नाही. त्यानं विचारलं, नेमकं कुठलं टोक पुसलं नव्हतं? मी पुन्हा सांगितलं. जे आत जात नाही ते. तो आलोच म्हणाला आणि उठून गेला. फॉर्म तसाच टेबलावर पडून होता.

तो गेल्यावर शेठनी दबक्या आवाजात माझी हजेरी घेतली. आता मागच्या अंगणातल्या त्या खड्ड्यात आंब्याचं झाड लावा म्हणाले, मोहर आला की बघत बसू. आंबा काही लावावा लागला नाही, पण नवी मशीन यायला पुढचा उन्हाळा उजाडला, तेव्हा त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. मी ऐकून घेतलं. माझी बाजू चाचांनी मांडली. म्हणाले, शेठ, बाईनं पेडल पायानं बघितलंय, आता काय करता?

पाव तास गेला असेल. साहेब परत आला, त्यानं दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसला. त्याच्या हातात कागदी रुमालाची पुरचुंडी होती. ती त्यानं फॉर्मच्या शेजारी ठेवून उलगडली. आत एक कांडी होती, आमच्यासारखीच. तिचं एक टोक लख्ख होतं. दुसऱ्या टोकावर वाळलेलं लाल बोट होतं, माझ्यापेक्षा नीटनेटकं लावलेलं.

म्हणजे इकडंही खंडेनवमी झाली होती. इकडंही कुणीतरी माझ्याइतक्याच भक्तीनं पूजा केली होती आणि माझ्याइतकाच शहाणा विचार करून एकच टोक पुसलं होतं. त्यांची कांडी तर, साहेबानंच सांगितलं, फक्त आमच्याच पेडलांसाठी नव्हती. असा माल आणखी दोन ठिकाणांहून येत होता आणि दसऱ्यानंतर आलेला सगळा याच कांडीनं पास झाला होता. शेठनी हे ऐकलं आणि त्यांच्या तोंडून एक आनंदाचा शब्द निघाला नाही. उलट त्यांनी पाण्याचा पेला उचलून त्या पोराच्या पुढ्यात सरकवला.

खोलीत आम्ही चौघंच होतो. दार बंद होतं. फॉर्मवर ‘धू’ लिहिलेलं होतं, पुढं एकच अक्षर हवं होतं. आम्ही तिघंही तिथंच बघत होतो आणि साहेबही तिथंच बघत होता. रुमाल तर त्याच्या हाताशीच होता. एकदा घासून पुसलं असतं तर ती कांडी पुन्हा कुणापुढंही ठेवायच्या लायकीची झाली असती. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, याची नोकरीही अजून नवीच असणार.

“ताई,” तो म्हणाला. सकाळपासून मी मॅडम होते. “तुम्ही तुमच्या शेठना कसं सांगितलंत?”

मी आठवून बघितलं.

“उभ्यानंच सांगितलं, साहेब. बसलं की कारणं सुचायला लागतात.”

त्यानं ‘धू’वर आडवी रेघ मारली, पुरचुंडी पुन्हा बांधली आणि उठला. त्याच्या मोठ्या साहेबाची केबिन वरच्या मजल्यावर होती. दार तो उघडंच ठेवून गेला, त्यामुळं जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज आम्हाला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.